न कापलेलं कापड

बुधवार, १४ नोव्हेंबर
दुपार

प्रिय ताई,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम. तुझा गुडघा कसा आहे? चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी बसून राहिलीस तर देव काही हजेरीपटावर लाल रेघ मारणार नाही. ह्यांचा खोकला उतरलाय, पण औषध चालूच ठेवलंय, कारण बंद केलं की त्यांना तक्रारीला विषय उरत नाही. तुझ्या कॉन्व्हेंटच्या बागेतली पपई यंदा धरली का?

तू म्हणशील, फोन सोडून ही कागद घेऊन का बसली? अगं, आमचं घर दोन खोल्यांचं. लेक दिवसभर पलंगावर आडवी असते आणि तिचे कान सगळ्या घरभर फिरतात. कुजबुजलं तर जास्तच ऐकू येतं तिला. आत्ता तिचा डोळा लागलाय, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्याउभ्या लिहिते आहे.

तिचा सातवा महिना सरत आला. आधीच्या दोन वेळेस काय झालं ते तुला ठाऊक आहे, मी पुन्हा लिहीत नाही. चर्चच्या पायऱ्यांवर बायका विचारतात, आणि मी हसून सांगते, "देवाची वेळ, देवाचा क्रम. आपण मध्ये हात घालू नये." रविवारी फादरांनी प्रवचनात माझंच उदाहरण दिलं, धीराचं म्हणून. ताई, मला मान वर करवेना.

तुला आपली शाळेतली शिवणाची सिस्टर आठवते? तोंडात टाचण्या धरून ओरडायची, म्हणून आपण तिला टाचणी सिस्टर म्हणायचो. दुपारचं ऊन त्या लांब बाकांवर यायचं, आणि माझी शिवण वाकडी झाली की तू गुपचूप उसवून द्यायचीस. त्याच शिवणकामावर आईनंतर मी चर्चमधल्या सगळ्या बाळांचे बाप्तिस्म्याचे झगे शिवत आले. आईचा नियम तू विसरली नसशील. झगा आधी शिवायचा, लेस लावायची, पण खालची पट्टी मोकळी ठेवायची. बाळ रडल्याचा निरोप आला की मगच ती दुमडायची. "पुरं करणं देवाकडे," म्हणायची ती.

लेकीच्या पहिल्या वेळी मला इतका आनंद झाला होता की झगा पट्टीसकट शिवून, इस्त्री करून ठेवला. दुसऱ्या वेळी पट्टी मोकळी ठेवली. या वेळी कापड आणलं आणि कपाटात टाकलं. घडीसुद्धा मोडली नाही. शेजारणीच्या नातवाचा झगा मी मधल्या काळात शिवून दिला, हसत हसत. स्वतःच्या घरातल्या कापडाला मात्र कात्री लावायला हात धजेना.

हे मी कुणाला बोलले नव्हते. पण काल लेकीची वेणी घालत होते, तेव्हा ती म्हणाली, "आई, कापड आणलंयस ना? कपाट उघडं होतं, दिसलं मला."

"आहे ते. होईल की. घाई कसली?"

"घाई कसली म्हणजे? माझ्या पोटात दगड वाढतोय का?"

"असं बोलू नये गं. देवाच्या पुढे धावू नये माणसानं."

"देव काय असा हलक्या काळजाचा आहे, झगा बघून बिथरायला?" तिनं माझ्या हातातून वेणी सोडवून घेतली आणि माझ्याकडे वळली. "तू माझे पाय चेपतेस, पाठ चोळतेस, तोंडात घास घालतेस. पण पोटापाशी आलीस की तुझा हात वळसा घालून जातो. मला कळत नाही असं वाटतं तुला?"

मी म्हटलं, हवं तर ते आधीचे दोन झगे आहेत पेटीत, नवेच आहेत. बोलून गेले आणि जीभ चावली.

ती रडली नाही. म्हणाली, "ते त्या दोघांचे आहेत. याचा याला हवा. एक दिवस राहो नाहीतर शंभर वर्षं, आत्ता तर आहे ना हे?"

ताई, ही तुझी भाची, जिला मी प्रार्थना शिकवली! मी वाट पाहत नव्हते गं. मी लपून बसले होते, आणि त्या लपण्याला देवाची वेळ असं नाव दिलं होतं. कापलंच नाही तर फाटणार काय, असा माझा हिशेब. तोंडात देवाचं नाव आणि कपाटात न कापलेलं कापड.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते लिहिते. आज सकाळी तपासणी झाली. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय आणि बाळ वाढायचं थांबलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजवर ते आत जास्त सुखरूप होतं. आता बाहेर जास्त सुखरूप असेल. उद्या सकाळी दाखल व्हा, परवा ऑपरेशन करू." मी विचारलं, अजून थोडं थांबता नाही का येणार? त्या म्हणाल्या, "आजी, आता थांबणं हेच धोक्याचं आहे."

जावई विजेची कामं करतो, दिवसभर बडबड करणारा माणूस, पण येताना टॅक्सीत नुसता रिपोर्टची घडी घालत आणि उलगडत बसला. लेकच म्हणाली, "आई, झगा बाहुलीच्या मापाचा कर हं. अंगात बुडून जायला नको."

ती जागी झाली वाटतं. हाक मारते आहे. थांबते.

गुरुवार, सकाळ

ताई, काल दिवेलागणीला तिच्या पलंगावरच कापड पसरलं. माप कशावरून घ्यायचं? इतक्या लहान बाळाचं मी कधी शिवलंच नव्हतं. तिनं माझा पंजा धरला आणि पोटावर ठेवला. "इथं डोकं आहे, इथं पाय. घे माप." आतून अगदी हलकं काहीतरी सरकलं, झोपेत कुशी बदलल्यासारखं. मी कापलं. शिवलं. पट्टीसुद्धा दुमडली. आईनं वरून पाहिलं असेल तर रागावली नसेल असं वाटतं. ह्यांनी झगा तळहातावर धरला आणि म्हणाले, "हा तर माझ्या रुमालाएवढा," आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

तुला वाटेल, मग भीती गेली असेल. नाही गेली. पिशव्या भरून दाराशी ठेवल्यात, जावई टॅक्सी आणायला गेलाय, आणि मी पुन्हा पुन्हा पिशवी उघडून झगा आत आहे ना ते बघते आहे. लेक मात्र शांत आहे, किंवा माझ्यासाठी तसं दाखवते आहे.

एक काम कर. पहाटे 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायला बसले. सगळं नीट आलं, पण 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' पाशी जीभ अडली. तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली, तिथंच अडले. माझी इच्छा एवढी मोठी झालीय की तिच्यापुढे त्याच्या इच्छेला जागाच नाही. ती ओळ खोटी म्हणणार नाही मी त्याच्यासमोर. माझ्या वतीने तेवढी तू म्हण.

पत्र तुझ्या हातात पडेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, जावयाचा फोनही आला असेल. तरीही म्हण. आपल्या टपालाचा उशीर देवाला लागू होत नसावा.

टॅक्सी आली.

तुझी,
त्या ओळीच्या अलीकडे थांबलेली,
धाकटी