खिळ्याच्या वर

८ मार्च, रविवार

आज पुन्हा! आईकडे गेलो आणि नवऱ्यानं या वेळी तिचे डबे हलवले. पिठाचा, साखरेचा, डाळींचे — ओट्याखालचे सगळे काढून वरच्या फळीवर. आता आईचा हात पुरेना. म्हटलं, "अरे, तिनं चिमूटभर साखरेसाठी रोज स्टुलावर चढायचं का?" तर म्हणतो, "खाली मुंग्या होतात." आमच्या घरात मुंग्यांची मिरवणूक निघते तेव्हा हा पेपरातून डोकं वर काढत नाही!

आई नुसती हसली. "राहू दे गं. जावईबुवांच्या हातांना काम लागतं."

मागच्या रविवारी ट्रंक वर चढवली. त्याच्या आदल्या रविवारी बाबांच्या वह्या. ऑफिसात कपाटं लावून हौस भागत नाही वाटतं.

१० मार्च, मंगळवार

आज गाडी शिकवताना शिकाऊ बाईंनी क्लच समजून ब्रेक दाबला. तीनदा. कपाळाला टेंगूळ. माझ्या.

२२ मार्च, रविवार

भांडण. आईच्या घराची फरशी उखडलीय, पाय अडकून पडेल एखाद्या दिवशी. मी नमुनेसुद्धा आणले होते — फिकट हिरवा, तिच्या आवडीचा. यानं बघितलासुद्धा नाही.

"फरशी नको."

का नको?

"नको म्हणजे नको. आईंना आपल्याकडेच आणू या ना."

जावयाला सासू घरात हवी! सूर्य कुठून उगवला आज? मी म्हटलं, ती ठणठणीत आहे, स्वतःचं स्वतः करते, तू तिला म्हातारी ठरवून मोकळा झालास. आणि तिला आणायचं तरी कुठे? या टेकडीवर? शंभर पायऱ्या चढून? इथे वर बसून गल्लीतल्या गप्पा कशा ऐकणार ती?

"इथे पाणी येत नाही," एवढंच पुटपुटला.

खरंच आहे. आमच्याकडे पाणी यायचं तर नळालाच यावं लागेल, आणि तेही एक दिवसाआड येतं. पण हे मध्येच काय?

मग गप्प. त्याचं गप्प बसणं म्हणजे कुलूपबंद दुकान. हवामान-सुरक्षेच्या सरकारी खात्यात आहे; लग्नाला अकरा वर्षं झाली तरी नेमकं काय करतो ते मला धड ठाऊक नाही. आकाशातून घेतलेले फोटो बघतो, पूर-वादळांचे अंदाज बांधतो, कुठे किती माणसं हलतील, कुठे दंगे होतील ते वरच्यांना लिहून देतो. वरचे ते कपाटात ठेवतात. घरात एक अक्षर काढत नाही. सही दिलीय — बोलला तर नोकरी जाईल, वर तुरुंग. म्हणून मी त्याला मौनीबाबा म्हणते. एरवी हसतो. आज हसला नाही.

पाठ करून झोपले. नंतर वाटलं, पांघरूण तरी घालायला हवं होतं.

५ एप्रिल, रविवार

आज एक विचित्र गोष्ट. आईच्या भिंतीवर कॅलेंडरचा खिळा आहे, माझ्या डोक्याच्या जरा वर. हा नवी फळी ठोकत होता. आई खुर्चीत बसून बघत होती, बराच वेळ. मग म्हणाली, "जावईबुवा, तुम्ही काहीही ठेवता ते या खिळ्याच्या वरच ठेवता."

त्याच्या हातातला हातोडा थांबला.

"पुरेल ना हा खिळा?" आईनं विचारलं. अगदी सहज, चहा पुरेल ना असं विचारावं तसं.

तो भिंतीकडे बघत राहिला. कान लाल झाले होते. मग पुढचा खिळा ठोकला — चार बोटं आणखी वर.

आईनं मान हलवली आणि चहा टाकायला उठली. मी मध्ये उभी, लग्नात हरवलेल्या पाहुणीसारखी. दोघांचं काय चाललंय?

आई चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून अख्ख्या गावाचे फोन जोडायची. कुणाचं लग्न मोडलं, कोण कुणाला रडून फोन करतं, सगळं तिच्या कानांवरून गेलं. तोंडातून एक शब्द बाहेर नाही. बाबा म्हणायचे, हिच्या पोटात विहीर आहे.

११ एप्रिल, शनिवार

कळलं. लिहू नये, पण कुठे तरी ठेवायलाच हवं.

आज शिकाऊ बाईंना घेऊन पुराचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या रस्त्यानं गेले. एरवी मी तिकडे नेत नाही, वळणं अवघड आहेत. आईची गल्ली बांधाला लागूनच आहे — चौदा घरं, प्रत्येकावर एक-एक खोली चढवलेली. गेल्या वर्षी तिथे बांधाच्या दुरुस्तीची यंत्रं होती. आज एकही नाही. खडीचा ढीगसुद्धा उचलून नेलाय. पण बांधातले ते जुने लोखंडी दरवाजे, गल्लीच्या बाजूचे, लहानपणापासून गंजलेले बघितलेत मी, त्यांना ताजं ग्रीस लावलंय. नवी दातेरी चाकं, नवी साखळी.

बांध सांभाळायचा नाहीये. पाणी गल्लीत सोडायला दरवाजे उघडायचे आहेत.

बाई विचारत होत्या, "मॅडम, आता तिसरा गिअर टाकू?" मला ऐकूच आलं नाही.

घरी आले तेव्हा हा पाव कापत होता. मी म्हटलं, "आज बांधावरून गेले होते." सुरी थांबली.

"विचारू नकोस," म्हणाला. "विचारलंस तर खोटं बोलावं लागेल. तुझ्याशी मला ते जमत नाही."

त्याचे हात बघितले. नखांत अजून आईच्या भिंतीचा चुना. या माणसाला सांगता येत नाही म्हणून हा दर रविवारी एक-एक वस्तू उचलून वर ठेवतोय! आणि मी त्याला काय काय बोलले.

विचारलं नाही. शेजारी बसून पावाला लोणी लावत राहिले. दोघांसाठी म्हणून बसले, आणि दहा जणांचं लावून ठेवलं.

१२ एप्रिल, रविवार

आईची सोय होईल. पण बाकी तेरा घरं? मी सांगितलं तर ते थेट त्याच्यावर येईल. न सांगितलं तर मी त्या लोकांच्या तोंडाकडे कशी बघू? लहानपणी त्यांच्याच अंगणांत खेळले.

१९ एप्रिल, रविवार

माझी आई! माझी आई म्हणजे—

गल्लीत गेले तर जत्रा. कुणी पलंग चढवतंय, कुणी पुस्तकं, शिंपीणबाई शिलाई मशीन चार जणांकडून उचलून घेतायत. म्हटलं काय झालं? "वाळवी! तुमच्या आईंना दिसली. जमिनीतून येतेय म्हणे, खालचं सगळं फस्त करणार!"

आईला विचारलं, "कुठे आहे वाळवी?"

"असेल की कुठेतरी," आई म्हणाली. "एवढं लाकूड आहे गल्लीत."

नजर वळवली नाही. मीही नाही. मग तिचा हात धरून बसले थोडा वेळ. आम्ही दोघी एरवी असं बसत नाही.

फक्त न्हावीकाका हलायला तयार नाहीत. दुकान खालीच, त्यांच्या वडिलांच्या वेळची फिरती खुर्ची. आई दोनदा जाऊन आली. काका म्हणाले, "वहिनी, माझी खुर्ची लोखंडी. वाळवीचे दात पडतील!" गल्ली हसली. आईला हसावंच लागलं.

२ मे, शनिवार

तीन दिवस वारा. याला घरी यायला मिळत नाही. फोनवर फक्त, "जेवलीस का?"

६ मे, बुधवार

सकाळी नऊला भोंगा. अकराला दरवाजे उघडणार. दोन तास दिले. दोन तास!

शिकवायची गाडी घेऊन खाली गेले. सहा फेऱ्या. आईला म्हटलं, चल. म्हणाली, "आधी शिंपीणबाई. मग पोरं. मी शेवटी." ऑपरेटर शेवटपर्यंत जागा सोडत नाही म्हणे! शेवटच्या फेरीत ती आणि न्हावीकाका. काका सारखे मागे वळून बघत होते. खुर्ची जमिनीत बोल्टानं बसवलेली, दोन तासांत निघाली नाही.

माणूस एकही गेला नाही. देवा, एकही नाही.

१० मे, रविवार

पाणी उतरलं. आईच्या भिंतीवर चिखलाची रेघ आहे. खिळ्याच्या बरोब्बर चार बोटं खाली. वरच्या फळीवर साखर कोरडी ठणठणीत.

मी त्या रेघेला हात लावला आणि रडले. किती अचूक माहीत होतं खात्यातल्यांना!

पेपरात आलंय — दवाखाना आणि पाण्याची टाकी वाचवायला दरवाजे उघडले. अहवाल वर्षभर तयार होता. घबराट नको म्हणून जाहीर केला नाही. वर्षभर! चौदा घरांना वर्षभर आधी सांगितलं असतं तर लोकांनी घबराट केली नसती, सामान बांधलं असतं. संताप संताप झाला.

आणि हा तो अहवाल पोटात घेऊन वर्षभर माझ्या शेजारी झोपत होता. आज घरी आला. दारातच उभा राहिला, बूट न काढता. मी काही तरी कडक बोलणार होते. त्याचा चेहरा बघितला आणि बूट काढायला खाली बसले.

१७ मे, रविवार

चौकशीला दोघं आले होते. गल्लीचं सामान आधीच वर कसं गेलं? कुणी सांगितलं?

आई आता आमच्याकडे असते. म्हणाली, "वाळवी."

साहेब म्हणाले, तुमचे जावई काही बोलले होते का?

"ते? ते साधं मीठ कमी आहे एवढंसुद्धा बोलत नाहीत."

साहेब हसले. लिहून घेतलं, गेले. यानं खरंच एक शब्द सांगितला नव्हता. शपथ घेऊनही तेच सांगता आलं त्याला.

ते गेल्यावर तो आईच्या पायाशी बसला. "आई, मी बोलायला हवं होतं." आई म्हणाली, "तुम्ही बोलला नाहीत, मी ऐकलं. आपापली ड्युटी झाली. आता चहा घ्या." पण नंतर मला एकटीला म्हणाली, "काकांकडे मात्र माझी चूक झाली. लोखंडालाही खाईल असं काही सांगायला हवं होतं." इतके दिवस तेच तिच्या मनात असावं.

२४ मे, रविवार

मौनीबाबा सकाळपासून न्हावीकाकांच्या दुकानात. खुर्चीचा गंज घासतोय, सँडपेपरनं, एक-एक भाग सुटा करून. काका विचारतात, "साहेब, तुम्हाला का एवढी कळकळ?" हा खाली मान घालून घासतो. आता दर रविवारी जाणार म्हणे.

३१ मे, रविवार

खुर्ची फिरली! कर्रर्र करत, पण फिरली. पहिलं गिऱ्हाईक हा. काकांनी केस भलतेच बारीक कापलेत. चाळिशीतला माणूस शाळकरी दिसतोय. आई आणि मी हसून हसून मेलो. तोही हसला. किती महिन्यांनी!

घर आता भरलेलं वाटतं. आई पायऱ्यांना नावं ठेवते आणि चढते. हिरवी फरशी इथेच बसवू म्हणतेय मी, स्वयंपाकघरात.

१४ जून, रविवार

उठले तर स्वयंपाकघरात खुडबुड. हा स्टुलावर उभा होता. आपल्या स्वयंपाकघरात, टेकडीवरच्या, जिथे पाणी येत नाही म्हणाला होता तिथे. पिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवत होता. आई खालून साखरेचा देत होती.

 मी जाऊन स्टूल धरलं.