अर्ध्या सेकंदाची अट

३ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आपल्या नानांच्या मृत्यूच्या दाखल्यावर वेळ पडली: दुपारी पावणेचार. डॉक्टरीणबाईंनी आज स्वतः घरी येऊन सांगितलं. श्वास एकदम बंद पडला नाही, वीस-पंचवीस मिनिटं घुसमट झाली असावी, असं त्या म्हणाल्या. मी खोदून विचारलं, नाहीतर बोलल्या नसत्या.

तू आठ दिवस राहून गेलास तेव्हा हे माहीत नव्हतं. फोनवर हे सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या वेळी मी स्वयंपाकघरात होते. रेडिओ चालू होता, बारीक आवाजात. चार वाजता आत गेले, तर नानांचं बोट तू त्यांना बेलसाठी करून दिलेल्या डबीच्या बटणावरच होतं. बेल ऐकल्याचं मला आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे वाजली नाही, असं थोडंच आहे? दिवसातून चाळीस वेळा ऐकून कान निबर झाले असतील.

डबीत सगळी नोंद राहते, असं तू म्हणाला होतास. तिच्यातलं कार्ड काढून पाकिटात घातलं आहे. बेल वाजली का, एवढंच बघ. मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस. तुझं खोटं मला तू चड्डीत होतास तेव्हापासून कळतं.

घर खायला उठतं. तू मात्र वेळेवर जेवत जा.

पत्राची वाट बघणारी,
ताई


११ नोव्हेंबर

ती. ताईस,
बारक्याचा नमस्कार.

बेल वाजली नाही. तीनदा तपासलं. रेडिओचा आणि तुझ्या कानांचा काही संबंध नाही.

पण नानांनी बटण दाबलं होतं. तीन वाजून एकवीस मिनिटांपासून पुढे, एकोणीस वेळा.

कसं झालं ते लिहितो. पक्षाघाताने वाचा गेली, एक बोट तेवढं राहिलं, तेव्हा मी तो प्रोग्राम लिहिला. घरातला एकेक रिमोट डबीसमोर धरला, त्याच्या न दिसणाऱ्या प्रकाशाची उघडझाप पडद्यावर लांब-आखूड रेघांत उतरवली आणि तशीच उघडझाप डबीकडून करून घेतली. एकदा दाबलं की बेल, दोनदा दाबलं की पंखा, तीनदा दाबलं की टीव्ही मुका. जन्मभर लोकांचे टीव्ही दुरुस्त केलेला माणूस तो. पहिल्याच दिवशी तुझं गाऱ्हाणं सुरू झालं आणि त्यांनी तुझ्याकडे बघत तीनदा दाबलं. तू किती हसली होतीस.

मग हात थरथरायला लागला. बेल उगाच वाजते, दिवसरात्र उठबस होते, असं तू एप्रिलमध्ये लिहिलंस. मी प्रोग्रामात एक अट घातली: अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ दाबलं तर ती थरथर समजायची, सिग्नल सोडायचा नाही. तुला झोप मिळायला लागली. मी ऑफिसात चार लोकांना ही हुशारी सांगितली.

त्या दुपारी त्यांच्या बोटात ताकद नव्हती. एकोणीसपैकी एकदाही अर्धा सेकंद भरला नाही. पण ताई, थरथर अशी नसते. तिच्या रेघा एकमेकींना चिकटून, वेड्यावाकड्या येतात. या रेघांमध्ये अंतर आहे, जवळजवळ सारखं. दाबायचं, थांबायचं, तू येतेस का बघायचं, पुन्हा दाबायचं. पडद्यावर कुणालाही दिसेल. प्रोग्रामला दिसलं नाही, कारण अंतर बघ असं मी त्याला सांगितलंच नव्हतं. अशा रेघा वाचण्यावर मी पोट भरतो.

शेवटची रेघ तीन एकोणचाळीसची आहे.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

तुझा,
बारक्या


२४ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
आशीर्वाद आहेतच. नाहीत असं कधी धरू नकोस.

उत्तराला उशीर झाला, कारण तुझा राग आला होता. चार दिवस तो घट्ट धरून ठेवला. मग एप्रिलमध्ये मी आणखी काय लिहिलं होतं ते आठवलं. नाना मुद्दाम छळतात, असं लिहिलं होतं. तू तो विषय तुझ्या पत्रात काढला नाहीस.

एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी मी चहा केला. वर्षभरात कप कधी गरम संपवला नव्हता. दोन घोट झाले की बेल. त्या दिवशी सगळा प्यायले आणि वर अर्धा कप करून घेतला. खिडकीशी बसून मनात म्हटलं, नाना आज शहाण्यासारखे झोपलेत. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

वेळेवर गेले असते तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. तूही विचारू नकोस. आणि त्या एकोणीस रेघा जपून ठेव, पण मला दाखवू नकोस.

आता कामाचं. नानांचा व्यायाम घ्यायला यायच्या त्या बाई परवा येऊन गेल्या. त्यांच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांचीही वाचा गेली आहे, एक बोट हलतं. त्यांना डबी हवी आहे आणि मी हो म्हटलं आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांची सून न्यायला येईल. त्याआधी प्रोग्रामातली ती अट काढून कार्ड पोस्टाने पाठव.

सुनेला मी फोनवर सांगून ठेवलंय की बेल उगाचच फार वाजेल, जीव मेटाकुटीला येईल, तरी दर वेळी उठायचं. उठेन म्हणाली. पहिल्या महिन्यात मीही म्हणायचे. म्हणून दुपारी तीन ते पाच मी तिच्याकडे जाऊन बसणार आहे, रोज. त्या वेळात तिने झोपावं. बेलला मी उठेन.

माया आहे तशीच ठेव,
ताई