सासूबाईंसमोर उघडलेला नळ

तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठातली दोन अंगं वजा करून उरलेला नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुमचा खोकला, वहिनींची गुडघेदुखी आणि तुमच्या घरातला नव्या रंगाचा वास, हे तिन्ही आता कमी झाले असावेत. इकडे तुमची बहीण माझ्यावर ओरडण्याइतकी ठणठणीत आहे. येत्या रविवारी तुम्ही आईंना न्यायला येणार, त्याआधी त्यांचं वर्तमान कळवावं म्हणून हा पत्रप्रपंच.

रंगकाम निघालं म्हणून तुम्ही त्यांना इथे सोडलंत, तेव्हा त्या कशा होत्या ते तुम्हाला माहीतच आहे. बाबा गेल्यापासून नुसतं 'हो' आणि 'नको'. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत. जिच्या विज्ञानाच्या तासाला अख्खी शाळा चळाचळा कापायची, ती बाई चहात साखर नसली तरी बोलेना! खरं सांगतो दादा, मला त्यांची भीती वाटायचीच, पण त्या गप्प बसल्यावर जास्त वाटायला लागली.

नेमकं तेव्हाच माझं बिअरचं यंत्र येऊन थडकलं. (कधीचं मागवलेलं, परत घेईनात.) एक बुटका फ्रिज, आत बिअरचं पिंप आणि गॅसचा सिलिंडर, पिंपापासून वर नळापर्यंत एक नळी. नळ ओढला की ताजी थंडगार बिअर, तीही घरबसल्या. पण सासूबाईंच्या डोळ्यांदेखत ओढायचा कसा? मी ठोकून दिलं, की औषधांचा फ्रिज आहे. (कोणाची औषधं, असं त्यांनी विचारलं नाही. तेव्हा त्या काहीच विचारत नव्हत्या.) वर जाड चादर चहूबाजूंनी गुंडाळली. नळीचं भलंमोठं वेटोळं दार उघडताच डोळ्यांत भरायचं, म्हणून कापून वीतभर ठेवली. आणि नळ उघडायचा तो त्यांच्याकडे पाठ करून, आवाज होऊ नये म्हणून अगदी जरासा.

फेस! पेलाभर फेस, तळाशी चिमणीपुरती बिअर. गॅस वाढवला तर फेस बाहीपर्यंत आला, कमी केला तरी फेसच. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मोठ्या आशेने आले आणि पांढऱ्या मिशा घेऊन परत गेले. जाताना 'छान आहे' म्हणाले, पण ते 'अजिबात दुखणार नाही' म्हणतात त्याच सुरात.

एका संध्याकाळी मी असाच फरशी पुसत होतो आणि खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "नळी कोणी कापली?"

वर्गातला आवाज, दादा! माझ्या हातून फडकं पडलं. तुमची बहीण स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच रडायला लागली. आई उठल्या. आधी चादर ओढून फेकली. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, त्याचाच श्वास कोंडलात तर आत गार काय होणार कपाळ? आणि गार नसलेल्या बिअरीत गॅस टिकत नाही. नवी लांब नळी आणवली, कारण गॅसचा जोर वाटेतच ओसरायला हवा. आखूड नळीतून तो थेट पेल्यात उडी मारतो. पेले तेलकट हातांचे होते, ते पुन्हा धुववले. दुसऱ्या दिवशी, पिंप गार झाल्यावर, म्हणाल्या, भरा. मी सवयीने पाठ केली आणि हळूच अर्धा नळ उघडला. फेस!

"लाज वाटत असेल तर उघडूच नका. उघडायचा तर पूर्ण उघडा. अर्धवट वाटेतून घुसमटून येते, म्हणून फेसाळते."

म्हणजे सगळा फेस माझ्या लाजेचा होता! मी पेला तिरपा धरला, सासूबाईंकडे तोंड केलं आणि नळ एका दमात ओढला. शांत, सोनेरी धार, वर दोन बोटं साय. आणि आई हसल्या. खळखळून हसल्या. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. मी रडलो, सांगायला कसली लाज? (बिअरही उत्तम होती.)

आता राज्य त्यांचं आहे. सकाळी उठून तापमान बघतात, पेला उजेडात धरून तपासल्याशिवाय डॉक्टरांनाही मिळत नाही. स्वतः मात्र थेंबाला शिवत नाहीत. काय बाई आहे हो ही! मी तर बोलणी खायला मिळावीत म्हणून मुद्दाम एखादी चूक करतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुमचा लोभ आहेच, तो जरा जास्तच लागणार आहे.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. रविवारी जरूर या, पोटभर जेवा, पण आईंना इथेच राहू द्या. त्या गेल्या तर हे घर पुन्हा नुसतं फेसच. हात जोडतो.

आणखी ता. क. हे मी, आई, लिहिते आहे. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. जावई गुणाचा आहे. पण माझं घर ते माझं घर, मी येणार. रविवारी मोठी गाडी आण, फ्रिज उभाच न्यावा लागतो. त्यांना रविवारीच कळू दे. आणि मी थेंबाला शिवत नाही, असं त्यांना वाटतंय ते वाटू दे.