ब्रेंडनच्या पाठीवरचा ताल

१० जानेवारी, शनिवार
आजपासून रेकॉर्डिंग सुरू. ब्रॅम्पटनला, ब्रेंडनच्या बेसमेंटमध्ये. ब्रेंडन माझा प्रोड्युसर. आमच्याच चर्चच्या पॅरिशमधला. आईवडील वसईचे, तो इथेच जन्मला. मराठी समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये. टोरोंटोचं एक छोटं म्युझिक लेबल सोल म्युझिकच्या नव्या सिंगर्सचा अल्बम काढतंय. त्यात आमचं एक गाणं घेणार: 'दार लोटून ठेव'. शब्द माझे, चाल माझी. इथल्या पहिल्या विंटरमध्ये बस चुकली तेव्हा स्टॉपवर सुचलं होतं. संथ गाणं आहे. माझ्या आवाजात आणि संथच बाहेर पडलं पाहिजे. बाकी माझी काही अट नाही.

संकल्प: प्रोड्युसरशी भांडायचं नाही. मी मुळातच शांत स्वभावाची. अवघड जाऊ नये.

पहिल्याच टेकला ब्रेंडन कीबोर्डवर पुढे पळायला लागला. मी मागे उभी होते. पाठीवर ताल दिला. त्याचा चष्मा खाली पडला. काड्या सैल असाव्यात.

११ जानेवारी
ब्रेंडनचा मेसेज: प्लीज डोन्ट हिट मी अगेन.

हिट? मला धक्काच बसला. आमच्या घरी गाणं असंच शिकवतात. पप्पा वसईला चर्चमध्ये क्वायर मास्टर. संध्याकाळी रोझरी झाली की आम्हा भावंडांना बाकावर एकामागे एक बसवायचे. प्रत्येकाने पुढच्याच्या पाठीवर ताल द्यायचा. सगळ्यात मागे पप्पा. पुढचा चुकला की जोरात. माझ्यापुढे हेरॉल्डदादा असायचा. आज तो विनिपेगला फिजिओथेरपिस्ट आहे. पाठीचं महत्त्व त्याला लहानपणीच कळलं.

ब्रेंडनला सविस्तर समजावून लिहिलं. हात उचलणं वेगळं, ताल देणं वेगळं. त्याने अंगठा पाठवला. विषय मिटला.

२४ जानेवारी
भयंकर. ब्रेंडनने गाण्याखाली ड्रम मशीन घातलं. वेग जवळजवळ दुप्पट. वर प्रत्येक ओळीनंतर मशीनची टाळी, बादली आपटल्यासारखी. म्हणाला, डिस्को संपल्यावर सोल असंच तगलं. सिंगर्सना बँड हवा होता, प्रोड्युसर्सनी मशीन आणलं. सिंगर्स रडले, ओरडले, मग लोक त्यावर नाचले. मी म्हटलं, माझ्या गाण्यावर कुणी नाचायचं नाहीये. माझ्या गाण्यात माणसाचा हात ऐकू यायला हवा. ब्रेंडन म्हणाला, ट्रस्ट मी ग्लेन्डा, आय कॅन फील इट.

टोमणा होता की काय, कळलं नाही. योग्य वेग त्याच्या उजव्या खांद्यावर दाखवला. पूर्ण अंतरा. तो असा किंचाळला की त्याची आई, लुर्डस आंटी, फ्रोझन मटारची पिशवी घेऊन धावत खाली आली. हल्लीच्या मुलांना सहनशक्ती नाही.

घरी येऊन मनाची तपासणी केली. राग नव्हता. मात्र आंटीने एक कटलेट घे म्हटलं असताना मी दोन घेतली. फार टोचतंय.

२५ जानेवारी
मिस्साच्या आधी कन्फेशनला जाऊन कटलेटचं सांगितलं. फादर म्हणाले, इट्स ओके. मी विचारलं, नक्की? म्हणाले, यस, मागे लाइन आहे. ब्रेंडनचा विषय निघाला नाही. त्यात पापासारखं काही नव्हतंच.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
लेंटचा, म्हणजे उपवासकाळाचा संकल्प: ईस्टरपर्यंत ब्रेंडनला हात लावायचा नाही. गरज आहे म्हणून नव्हे, त्यागाची सवय असावी म्हणून.

२१ फेब्रुवारी
संकल्प शंभर टक्के पाळला. ब्रेंडनने माझ्या हेडफोनमध्ये मशीनचा आवाज फुल केला. मुद्दाम. कानठळ्या बसल्या. तरी त्याला हात लावला नाही. भिंतीला लावला. इथल्या भिंती म्हणजे पुठ्ठा. हात कोपरापर्यंत आत गेला.

लुर्डस आंटी म्हणाली, अगो बाय, गाणी म्हणा, पण घर तेवढं ठेवा आमचं! तिने भोकावर पवित्र कुटुंबाची तसबीर लावली. खोलीला शोभा आली.

७ मार्च
आज ब्रेंडन हॉकीचे शोल्डर पॅड्स घालून बसला होता. नंतर मॅच असावी.

ताल माइकच्या स्टँडने दिला. स्टँड म्हणजे हात नव्हे. पॅड्सवर फार छान घुमतो. तिसऱ्या कडव्यात ब्रेंडनने स्नो बूट फेकला, माझ्या कपाळाला लागला. टेंगूळ आलं. लेंट आहे, म्हणून तिथल्या तिथे माफ केलं आणि बूट परत केला. लांबून. त्याच्या नाकातून थोडं रक्त आलं. हवा कोरडी आहे.

एकंदरीत आमचं ट्यूनिंग जमत चाललंय.

१४ मार्च
ब्रेंडन मशीन उचलून वर निघाला, म्हणे कारमध्ये एडिट करतो. मी वायरचं दुसरं टोक धरलं, एवढंच. तो जिन्यावर होता. आधी तो खाली आला, मग मशीन, मग दोघांच्या मध्ये मी. त्याने माझी वेणी ओढली. मी दंडाला चावले. दात म्हणजे हात नव्हे. लुर्डस आंटीने आम्हा दोघांवर पाण्याची बादली ओतली आणि मग स्वतःच कार काढली.

अर्जंट केअरमध्ये नर्सने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, टेम्पोवरून मतभेद. ब्रेंडनचं मनगट फ्रॅक्चर. माझी बोटं सुजलीत.

वेटिंग रूममध्ये आंटीसमोर शेवटचं सांगून टाकलं: गाण्यात एकतर तुझं मशीन राहील, नाहीतर माझा आवाज. ब्रेंडनने विचारलं, शुअर? मी म्हटलं, देवाशप्पथ. त्याने प्लास्टर मांडीवर नीट ठेवलं. मग म्हणाला, फाइन.

जिंकले. सौम्यपणे बोललं की माणूस ऐकतो.

१८ एप्रिल
ब्रेंडनचा फोन नाही. एका हाताने मिक्सिंग करतोय, वेळ लागणारच. मला न बोलावता माझ्या रेकॉर्डिंगवर काम करतोय, हा केवढा विश्वास! पप्पांना कळवलंय. तिकडे सगळ्या क्वायरला एकत्र बसवून ऐकवणार आहेत.

८ मे, शुक्रवार
गाणं आलं. सकाळी, कामावर जाताना बसमध्ये ऐकलं.

वेग तोच, पळणारा. मशीन आहे. आवाज श्रावणीचा. ही मिसिसागाची कुणी मुलगी. फोटोत हसरी आहे.

ब्रेंडनला फोन केला. शांतपणे म्हणाला, यू सेड मशीन ऑर यू. शपथ घेतली होतीस. खरं आहे. शपथ मोडता येत नाही. मग म्हणाला, पण टाळी मशीनची नाहीये, नीट ऐक. खोलीतला माइक सगळा वेळ चालू असायचा. सात मार्चचं साउंड बेस्ट आलं.

पुन्हा ऐकलं. प्रत्येक ओळीनंतर ब्रेंडनची पाठ. गाण्याखालच्या नावांमध्ये शेवटी: हँडक्लॅप्स, ग्लेन्डा.

दुपारी पप्पांचा फोन. क्वायरसकट ऐकलं म्हणे. ताल पक्का आहे, म्हणाले, पण तुझा आवाज ओळखू येत नाही. मी म्हटलं, गाणारी दुसरी आहे, श्रावणी.

पप्पांनी ते क्वायरला सांगितलं. मग म्हणाले, मुलगी चांगल्या घरात शिकलेली वाटते.