काकांची लेन्स

तीर्थरूप काकांना,

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन फसलं नव्हतं. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा माझ्या हातून तुमच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर चहा सांडला. तो डाग मी व्हिडिओ बघून नेलपॉलिश रिमूव्हरने घासला आणि काच कायमची धुरकट झाली.

घरी येताच तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावलात. "सगळं धूसर गं! या डोळ्यांनी आता कसले फोटो?" वर काकूला म्हणालात, "पदवीधर पुतणीमुळे कॅमेरा तरी सुखरूप राहिला."

काल स्टुडिओ बंद करून तुम्ही लेकीकडे कायमचे राहायला गेलात. जाताना कॅमेऱ्याची पेटी माझ्या हातात दिलीत. "तूच सांभाळ. मी काही ती पुन्हा उघडणार नाही."

हे पत्र त्या पेटीतच ठेवते आहे.

तुमची,
पदवीधर पुतणी