शेजारच्या सीटवरची एकोणीस वर्षं

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.

निर्णय झाला. मोठी गाडी घ्यायची. लहान नाही, मध्यम नाही, मोठी.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे बायकोनं विचारलं तर उत्तर तयार. एकोणीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. या शहरात जेवढे लोक गाडी चालवतात त्यातले निम्मे तरी माझ्या हाताखालून गेलेत. मी त्यांना जवळून पाहिलंय. काल चौकात पाच मिनिटं उभा राहिलो तर तीन जण ओळखीचे निघाले. त्यात एक हँडब्रेकबाई. हँडब्रेक न काढता निघायची, आणि गाडी जळका वास मारायला लागली की माझ्याकडे संशयानं बघायची. अशा लोकांच्या गर्दीत लहान गाडीतून फिरायचं म्हणजे जीव मुठीत धरून. माझ्याभोवती भरपूर पत्रा पाहिजे.

५ फेब्रुवारी, बुधवार

बायकोला सांगितलं. आपण दोघं, सीटा सात, बाकीच्या पाचांवर कोण बसणार, असं तिनं विचारलं. सुरक्षिततेचा मुद्दा मांडला. तर म्हणाली, अहो, त्या लोकांना शिकवलं कुणी?

हा प्रश्न तिचा नाही. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, तिला असे प्रश्न सुचत नाहीत. कुणीतरी पढवलंय. भाचीचा संशय आहे. बहिणीची मुलगी म्हणून दोन वर्षांपूर्वी स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून घेतली. हल्ली पोरं येतात ती मॅडम आहेत का विचारत येतात. लक्ष ठेवायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

गाडी आली. काळी. शोरूमचा माणूस स्वतः घरी घेऊन आला. वजनदार गिऱ्हाइकांनाच अशी सर्व्हिस देतात. मीच तसं सांगितलं होतं, पण त्यानं लगेच मान्य केलं हे महत्त्वाचं.

चढून बसलो. बाकीच्या गाड्यांच्या टपांवरची धूळ दिसते. लोकांनी आपल्या टपांची किती हेळसांड केलीय! आज चालवली नाही. नव्या गाडीला जागेची सवय होऊ द्यावी.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.३०.

पहिली फेरी. वेळ मुद्दाम लवकरची निवडली, माझे विद्यार्थी उठायच्या आत. दार उघडलं, बसलो, पट्टा लावला. आरामात पाच मिनिटं बसलो. मग लक्षात आलं की शिकणारं कुणी येणार नाहीये आणि मी शेजारच्या सीटवर बसलोय.

वॉचमननं पाहिलं. सलाम ठोकला. तो सलामच मला खटकला.

ड्रायव्हरच्या सीटवर गेलो. तोवर ट्रॅफिक वाढलं. उद्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पार्किंगमधला खांब सरकलाय. मागच्या आठवड्यात तो एवढा पुढे नव्हता. टेपनं मोजला. आधीचं माप घेतलेलं नाही, ही चूक. पण डाव्या दाराला जो ओरखडा आलाय तो काही आपोआप येत नाही.

रिव्हर्सचा सेन्सर सदोष आहे. काही नसतानाही ठणाणा करतो. आज वॉचमनची खुर्ची मागे असताना ओरडला, पण ती तेवढी एकच वेळ. बंद करून टाकला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लायसन्स ऑफिसचं पत्र. नवा नियम. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यानं दर दहा वर्षांनी स्वतः गाडी चालवून दाखवायची, नाहीतर शिकवायचा परवाना रद्द. टेस्ट ३ मार्चला.

शंकेची पाल चुकचुकलीच. एकोणीस वर्षं नियम नव्हता. मी मोठी गाडी घेतली आणि पाच दिवसांत नियम आला. बायको म्हणाली, पत्रावर गेल्या महिन्याची तारीख आहे. तारीख काय, कुणीही घालतं.

काळजीचं कारण मुळीच नाही. परवाना गेला तर स्कूल गेलं, हे खरं. पण तो जाणार कशाला? मी माझ्याच गाडीतून टेस्ट देणार. ती बघूनच निम्मे मार्क पडतील.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शेजारचे निवृत्त मास्तर त्यांची लहान गाडी हल्ली रस्त्यावर लावतात. माझ्या बाजूची जागा रिकामी. लोक मान ठेवायला लागलेत.

वॉचमनही खुर्ची उचलून गेटच्या बाहेर बसतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पेट्रोल चोरीला जातंय! काटा झपाट्यानं खाली येतो. स्कूलची लहान गाडी दिवसभर पोरांना फिरवून आठवडा काढते, आणि ही दोन चौक गेली की तहानेली. काट्याच्या काचेवर स्केचपेननं खूण करून ठेवली. संशय वॉचमनवर.

भाचीला बोललो. तिनं विचारलं, मामा, गाडी रोज किती फिरते? म्हटलं, फिरते कमी, पण रोज तासभर इंजिन चालू ठेवून एसीत बसतो, सराव म्हणून. तिनं तोंडावर रुमाल धरला. काहीतरी लपवतेय.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाजारात हँडब्रेकबाई भेटली. तिच्याकडेही मोठी गाडी! माझ्या गाडीहून चार बोटं उंच. आणखी एक जुना विद्यार्थी, औषधाच्या दुकानाचा मालक, त्याचीही मोठी. माझी छाप बघा, शिष्य माझ्यामागे जाताहेत. त्यांनी आधी घेतल्या हा तपशील सोडून द्यायचा.

बाईला विचारलं, मोठी का घेतली? म्हणाली, सर, लहान गाडीत मला सगळ्यांना सांभाळावं लागायचं. हिच्यात बसले की सगळे मला सांभाळतात.

काय हे उत्तर! माझं कारण वेगळं आहे. माझं सुरक्षिततेचं आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बायको अजून बसनंच लॅबला जाते. आज म्हटलं, सोडतो. चढायला स्टूल लागलं, तेही घेतलं बरोबर. पहिल्या वळणावरच ती उतरली. भाजी घ्यायचीय म्हणाली. सकाळी साडेसातला कुठली भाजी? आणि लॅबमध्ये भाजी घेऊन काय करणार? कुठेतरी पाणी मुरतंय.

३ मार्च, सोमवार. दुपारी ३.

टेस्ट झाली. निकाल वादग्रस्त.

परीक्षक कोण निघावा? डोळेमिट्या! माझ्या पहिल्या बॅचचा. समोरून बस आली की डोळे मिटायचा. मी त्याच्या बोटांवर फूटपट्टी मारायचो. आज तो टेबलामागे, हातात शिक्का. मला बघून उभा राहिला, सर म्हणाला, खुर्ची दिली. एवढा आदर कुणी उगाच दाखवत नाही. सूड डोक्यात असणार.

दोन बांबूंमधून रिव्हर्स घ्यायचा होता. दोन्ही बांबू पडले. त्यांनी बांबू जवळ रोवले होते, हे उघड आहे. मोजू दिले नाहीत. पडलेले बांबू मोजून काय उपयोग, म्हणाला. नंतर तिसरा बांबू पडला, तो तर टेस्टमध्ये धरलेलाच नव्हता, त्यावर ऑफिसची पाटी होती.

पुन्हा संधी १७ मार्चला. लहान गाडी आणा, असं त्यानं हळूच सुचवलं. परतताना गाडी सोबत आलेल्या भाचीनं चालवली. मला फोन करायचे होते.

५ मार्च, बुधवार

बायकोशी शांतपणे चर्चा. माझं मत: दोष मोठ्या गाडीचा. चालवणारा तोच, शिकवणारा तोच. तिनं विचारलं, तुम्ही शेवटची गाडी कधी चालवली होती? म्हटलं, रोज सहा तास गाडीत असतो. म्हणाली, गाडीत नाही, गाडी.

तिचा डबा तिच्या हातात दिला. तिला ड्युटीला उशीर होत होता.

६ मार्च, गुरुवार

आजपासून सराव स्कूलच्या लहान गाडीवर. हिला शेजारच्या सीटसमोरही ब्रेक आणि क्लच असतात, शिकवणाऱ्यासाठी. तिथे भाची बसली. नियमापुरती.

अप्रतिम! चौकात गाडी लोण्यासारखी थांबली. रिव्हर्समध्ये भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी. मी पाय टेकवला न टेकवला तोच ब्रेक लागतो. हात अजून तयार आहे. पायही.

९ मार्च, रविवार

चौथा दिवस. एकही चूक नाही. सिद्ध झालं: गाडी खराब होती. शोरूमला कडक पत्र लिहायला घेतलं. मसुदा तीन पानी. त्यात खांबाचाही उल्लेख केलाय.

१२ मार्च, बुधवार

सराव इतका उत्तम चाललाय की आज भाचीला टिप्स दिल्या. तिनं ऐकून घेतल्या, पण तोंड आंबट होतं. हिला माझं स्कूल हवंय. सतरा तारखेला मी नापास झालो तर स्कूल तिच्या नावावर करावं लागेल. ती खूश असली की चहात साखर जास्त घेते, आता तेही बघायला पाहिजे.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.

भाचीनं सुट्टी मागितली. पोटरी दुखते म्हणे, डॉक्टरकडे जायचंय. ऐन टेस्टच्या तोंडावर? समोरच्या स्कूलमध्ये मुलाखत असणार. सरळ विचारलं. ती चिडली. मग रडायला आली. मग म्हणाली, मामा, आठ दिवस ब्रेक मी मारतेय. क्लचपण. तुम्ही पाय टेकवायच्या आत मारावा लागतो.

त्याच दिवशी, दुपारी २.

विश्वास बसेना. तिला म्हटलं, बस, आणि पाय वर घे. ती सीटवर मांडी घालून बसली आणि हातानं वरचं हँडल घट्ट धरलं. मी निघालो.

पहिल्या वळणाला न्हाव्याच्या दुकानाबाहेरची कुंडी गेली. दुसऱ्या वळणाला गाडी बंद पडली. तिसऱ्याला मीच बंद केली आणि बसून राहिलो. न्हावी फुटकी कुंडी घेऊन आला, माझं तोंड बघून परत गेला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.

माझी एक पोटरी दुसरीपेक्षा जाड आहे. बायको नेहमी म्हणते. मला वाटायचं, चालण्यामुळे असेल.

एकोणीस वर्षं मी ब्रेक मारत आलो. हँडब्रेकबाईसाठी, औषधवाल्यासाठी, डोळेमिट्यासाठी. त्यांना वाटलं, आपल्याला येतंय. मला वाटलं, मी शिकवतोय. स्टिअरिंग मी हातात धरलंच नाही. दर वेळी दुसऱ्याच्या हातावर हात ठेवून फिरवलं.

आज खरं लिहितो. मला भीती वाटते. मोठी गाडी मी विद्यार्थ्यांपासून वाचायला घेतली नाही. मला चालवता येत नाही, आणि एवढं धूड रस्त्यात आलं की येणाराजाणारा आपणहून बाजूला होतो, म्हणून घेतली. हँडब्रेकबाईचं कारण आणि माझं कारण एकच. तिनं ते भर बाजारात सांगून टाकलं. मला ते वहीतसुद्धा लिहवत नव्हतं.

पान फाडायचं होतं. राहू दिलं.

१५ मार्च, शनिवार

भाचीची माफी मागितली. तिला म्हटलं, मला पहिल्यापासून शिकव. हात धरायचा नाही, पाय लावायचा नाही. ती मांडी घालूनच बसली. बायको मागच्या सीटवर, तिला सुट्टी होती. सहा तास. मैदानात. एकदाही ती भाजी घ्यायला उतरली नाही.

१६ मार्च, रविवार

आज सात तास. गाडी अकरा वेळा बंद पडली. काल सव्वीस वेळा. शेवटची फेरी बरी झाली. बायकोनं मागून खांद्यावर हात ठेवला आणि मला एकदम भरून आलं. उद्या परवाना गेला तर काय करायचं याचा विचार केला. दुसरं काहीच येत नाही. पहिलंही कालपासूनच येतंय.

१७ मार्च, सोमवार. दुपारी १.

पास!

काठावर, पण पास. लहान गाडी. डोळेमिट्या शेजारी बसला. बांबू दोन्ही उभे. एक हलला, पण तो वाऱ्यानं. चढावर गाडी जरा मागे गेली, नंतर पुढे आली, म्हणजे हिशेब बरोबर. चौकात समोरून बस आली तेव्हा त्यानं डोळे मिटले. मला दिसलं, कारण मी त्याच्याकडे बघत होतो. मग तो ओरडला आणि मी समोर बघितलं.

एकोणीस वर्षांचा अनुभव शेवटी बोलतोच! योजना केली: उद्यापासून लांबच्या रस्त्यावर. पुढच्या महिन्यात हायवे. मग ‘आत्मविश्वासानं ड्रायव्हिंग’ असा खास कोर्स काढायचा, मोठ्यांसाठी, फी थोडी जास्त. स्टेशनपासून लायसन्स ऑफिसपर्यंतचा रस्ता मी रोज सकाळी नऊला स्वतः चालवणार, हे तिथेच सगळ्यांना सांगून टाकलं.

डोळेमिट्यानं शिक्का मारला, कागद माझ्या हातात दिला. मी निघालो तर दारापर्यंत सोडायला आला. सर, तुमची ती काळी मोठी गाडी विकायचीय का, असं विचारलं. मी थांबलो. म्हटलं, तुझ्याकडे चांगली लहान गाडी आहे की. पेट्रोल कमी पिते, कुठेही मावते, तूच मला लहान आण म्हणालास. मोठी कशाला हवी तुला?

त्यानं बाहेर उभ्या असलेल्या आपल्या लहान गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, सर, आजपर्यंत लहान पुरत होती.