पोर्ट ५४३२ माझाच

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०.१५
आजपासून शिस्त. धोंडप्पाअण्णांच्या टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर शुक्रवारी द्यायचंय. श्रीदेवी मॅडम म्हणाल्या, टेस्ट माझ्या, अक्षताच्या आणि अतीकच्या, तिघांच्याही मशीनवर पास झाल्या की टीम लीड ठरवू. ठरलेलंच आहे. टेस्टचा डेटाबेस कंटेनरमध्ये, म्हणजे दर वेळी नव्या, कोऱ्या डब्यात चालतो, त्याला पोर्ट लागतो, म्हणजे दाराचा नंबर. सगळ्यांना एकच दिला, ५४३२. माझ्या लिनक्सवर चाळीसपैकी चाळीस पास.

दुपारी ४
अक्षताच्या विंडोजनं तो नंबर स्वतःसाठी राखून ठेवलाय म्हणे. अतीकच्या मॅकवर तिथं त्याचंच दुसरं प्रोजेक्ट बसलंय. दोघांचाही कंटेनर सुरूच होईना. लोकांना शिस्त नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
तक्ता केला. अक्षता ७००१, अतीक ७००२. मी सीनियर, माझा ५४३२ कायम. लॅमिनेट करून भिंतीवर लावला. अतीक म्हणाला, लई भारी, पण उद्या नंबर बदलला तर काय करणार की. बदलणार नाही.
अतीकचा कंटेनर सुरू झाला. एकतीस टेस्ट नापास. मॅकचा दोष.

५ नोव्हेंबर, बुधवार
अक्षतानं लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि विंडोजनं ७००१ पण गिळला. नवा नियम: रीस्टार्ट बंद. तक्त्यावर जागा नव्हती, दुसरा तक्ता केला.
अक्षता म्हणाली, सर, नंबर आपण द्यायचाच कशाला? मोकळा असेल तो मशीन देईल, कुठला मिळाला ते कंटेनरला विचारायचं. तिला समजावलं, असं मोकळं सोडलं की गोंधळ होतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
तरी तिनं केलंच. तिच्याकडे, अतीककडे कंटेनर पहिल्या झटक्यात सुरू. मॅडमना सांगितलं, माझ्या मार्गदर्शनाखाली झालं. पण दोघांकडे त्याच एकतीस नापास. माझ्याकडे चाळीस पास. यावरून काय ते समजावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ११.३०
मॅडम म्हणाल्या, अक्षताची पद्धत तुमच्या मशीनवर पण लावा. लावली. एकतीस नापास.

दुपारी २
अक्षतानं अगदी हळू आवाजात विचारलं, सर, तुमच्या ५४३२ वर आधीपासून काय चालू आहे? बघितलं. मार्चमध्ये टाकलेला जुना डेटाबेस. माझा कंटेनर कधी सुरूच झाला नव्हता. एरर यायची, पण लक्ष विचलित होतं म्हणून ती मीच लपवली होती. आठ महिने सगळ्या टेस्ट त्या जुन्यावरच, त्यात साठलेल्या माहितीच्या जोरावर पास होत होत्या.

सायंकाळी ६
मॅडमनी अण्णांना फोन करून पुढचा बुधवार मागून घेतला. लीड अक्षता. तक्ते मीच काढले.
खरोखर पास झालेल्या नऊ टेस्ट कोणी लिहिल्या ते पाहिलं. सात अक्षतानं, दोन अतीकनं.